मुंबईत मराठी चर्च शोधताना: पहिल्या रविवारपासून सभासदत्वापर्यंत

नोकरीसाठी नगर, जालना, सोलापूरकडून मुंबईत आलेले, लग्न होऊन इथे आलेल्या मुली, आणि जन्मापासून मुंबईतच असून दृढीकरणानंतर (बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास पक्का करण्याचा विधी) चर्चची पायरी न चढलेले, या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: आता कुठल्या चर्चला जायचं, आणि तिथे आपल्याला कोण ओळखणार? बहुतेक जण वाट बघत बसतात. मनात श्रद्धा जागी झाली की जाऊ, असं म्हणता म्हणता पाच नाताळ निघून जातात. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. आधी जागा ठरते, मग वेळ, मग चार ओळखीचे चेहरे, मग हातात एखादं काम. श्रद्धा या सगळ्यांच्या मागून येते, आणि बहुधा न सांगता येते. हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

घराजवळचं की मराठी?

कॅथलिक असाल तर निम्मा प्रश्न आधीच सुटलेला आहे. तुम्ही राहता तो भाग ज्या पॅरिशच्या (एका चर्चकडे सोपवलेल्या भागाच्या) हद्दीत येतो, तो तुमचा पॅरिश. सोसायटीतल्या कुठल्याही कॅथलिक शेजाऱ्याला विचारलं की नाव कळतं. मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) दुसरीकडे गेलात तर कोणी अडवत नाही, पण नोंद, दाखले, मुलांचं धर्मशिक्षण हे सगळं आपल्या पॅरिशमध्येच होतं. अडचण भाषेची असते. मुंबईतल्या बऱ्याच पॅरिशमध्ये रविवारच्या मिस्सा मुख्यतः इंग्रजीत असतात, काही ठिकाणी कोंकणीत, आणि मराठी असलीच तर एखादी. गोराई, मनोरी, उत्तन अशा ईस्ट इंडियन (इथले मूळचे मराठीभाषक कॅथलिक) आणि कोळी वस्त्यांमध्ये मराठी जास्त ऐकू येते. वसई, नालासोपारा, विरारला राहत असाल तर तो 1998 पासून स्वतंत्र वसई धर्मप्रांत आहे, आणि तिथे मराठी मिस्सा शोधत फिरावं लागत नाही.

प्रोटेस्टंटांना निवड जास्त आणि म्हणून गोंधळही जास्त. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 1970 साली नागपूरला स्थापन झाली, तेव्हा वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्या (एकेका चर्चचे सभासद मिळून होणारे समुदाय) तिच्यात एकत्र आल्या, पण प्रत्येक मंडळीचं वळण अजून जुनंच आहे. भायखळ्याचं ह्यूम मेमोरियल अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं, गिरगावचं आंब्रोली चर्च स्कॉटिश मिशनचं, ग्रँट रोडजवळचं इमॅन्युएल चर्च अँग्लिकन वळणाचं. मेथडिस्ट चर्च यांपासून वेगळी संस्था आहे. गावाकडे तुमचं चर्च कोणत्या मिशनचं होतं ते आईवडिलांना विचारून ठेवा. उपासनेचा क्रम, प्रभुभोजनाची (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याची) पद्धत, गीतांच्या चाली ओळखीच्या निघाल्या तर पहिल्या महिन्यातला परकेपणा बराच कमी होतो.

मग अंतर. दारापासून दारापर्यंत 40 ते 45 मिनिटं, त्यापलीकडे नको. दक्षिण मुंबईतल्या जुन्या मराठी चर्चच्या ओढीने कल्याण-बदलापूरहून येणारे उत्साहाने दोन महिने येतात, मग मेगाब्लॉक त्यांना संपवतो. मध्य आणि हार्बर मार्गावर ब्लॉक रविवारी साधारण सकाळी उशिरापासून दुपारी उशिरापर्यंत चालतो, म्हणजे नेमका उपासनेहून परतायच्या वेळी. पश्चिम मार्गही यातून सुटलेला नाही. दोन लहान मुलं आणि इस्त्रीची साडी नेसलेली आजी घेऊन भर दुपारी कुर्ल्याला तासभर अडकलात की पुढच्या रविवारी घरातलं कोणीच उठत नाही. लांबचं मराठी चर्च मनात बसलंच असेल तर महिन्यातून एकदा तिथे आणि बाकीचे रविवार जवळच्या चर्चमध्ये असा तोडगा काही कुटुंबं काढतात. पण अशा वेळी सभासदत्व जवळच्याच ठिकाणी घ्यावं. आजारपणात घरी येऊ शकेल तो पाळक (चर्चचा धर्मगुरू) जवळचाच असतो.

जाण्याआधीची चौकशी

इंटरनेटवरच्या वेळा जुन्या असतात. फाटकावरचा फलक खरा. शनिवारी संध्याकाळी चक्कर मारून फोटो काढून ठेवा, म्हणजे कार्यालयाचा नंबरही मिळतो. फोनवर चार गोष्टी विचारा: मराठी उपासना दर रविवारी असते की ठरावीक रविवारीच, प्रभुभोजन कोणत्या रविवारी (बऱ्याच मंडळ्यांत महिन्याचा पहिला), मुलांचं संडे स्कूल उपासनेच्या आधी असतं की त्याच वेळी, आणि नवीन माणसाने कोणाला भेटायचं. शेवटच्या प्रश्नाला समोरून एखादं नाव आलं तर चांगली खूण. ‘या की, कोणीतरी भेटेलच’ असं उत्तर आलं तरी जा, फक्त ओळख आपणच करून घ्यायची आहे हे धरून चला.

एक खाचखळगा नवख्यांना माहीत नसतो. एकाच इमारतीत सकाळी इंग्रजी, मग मराठी आणि संध्याकाळी तमिळ किंवा हिंदी अशा वेगवेगळ्या मंडळ्या भरू शकतात, आणि त्यांचे पाळक, समित्या, रजिस्टरं वेगळी असतात. आपण नाव कोणाच्या वहीत लिहितोय ते विचारून घ्या.

सुरुवात कधी करावी याबद्दल आमचं मत ठाम आहे: नाताळात नको. त्या आठवड्यात वर्षातून एकदा येणाऱ्यांची इतकी गर्दी असते की नवीन कोण आणि जुना कोण हे सेक्रेटरीलाही कळत नाही. जुलै-ऑगस्ट उत्तम. पावसामुळे बाकं अर्धी रिकामी, आणि भिजत आलेल्या अनोळखी माणसाची चौकशी झाल्याशिवाय राहत नाही. उपवासकाळही चांगला, कारण राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत मधल्या वारच्या सभाही वाढतात आणि तीच तीच माणसं पुन्हा भेटतात.

पहिला रविवार

दहा मिनिटं आधी पोहोचा. शेवटच्या बाकावर बसू नका. तो तान्ह्या मुलांच्या आयांचा आणि आशीर्वाद होताच निघणाऱ्यांचा. मधल्या रांगेत, कडेला बसलात की पुढच्यांचं बघून उभं राहता-बसता येतं. मराठी प्रोटेस्टंट उपासनेत वेदीच्या बाजूला भिंतीवर एक लाकडी फळी असते, तिच्यावर गीतांचे क्रमांक सरकवून लावलेले असतात. ते ‘उपासना संगीत’मधले. पुस्तक दारावरच्या टेबलावरून घ्या, तिथे नसेल तर शेजारच्याकडे बघा, तो अर्धं पुस्तक आपणहून पुढे करतो. फळीवरचे तीन-चार आकडे बघून आधीच पानांत चिठ्ठ्या घालून ठेवल्या की ऐनवेळी पानं उलटत बसावं लागत नाही. नारायण वामन टिळकांची बरीच गीतं यात आहेत. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईतच झाला. पेटी-तबल्यावर त्यांची अभंगाच्या चालीची गीतं सुरू झाली की गावाकडच्या माणसाला चाल आपोआप आठवते, शब्द मागून येतात.

अर्पणाची थैली फिरते तेव्हा दहा टाकले की पाचशे, कोणाला दिसत नाही. थैलीचं तोंड त्यासाठीच अरुंद असतं. सुटे पैसे खिशात ठेवा, बास. हल्ली दारावर क्यूआर कोडही असतो. त्यावर पैसे टाकताना समोर नाव चर्चचं किंवा ट्रस्टचं येतंय ना ते पाहा.

प्रभुभोजनाचा नियम मात्र आधी माहीत हवा. कॅथलिक मिस्सेत ख्रिस्तशरीर (प्रभुभोजनाची पवित्र भाकर) फक्त कॅथलिकांनी, तेही प्रथम कम्युनिअन झालेल्यांनी आणि तासभर आधी पाणी-औषधाखेरीज काही न खाता घ्यायचं असतं. वर्षानुवर्षं लांब राहिलेल्याने आधी प्रायश्चित्त संस्कार (फादरांपुढे पापांची कबुली) घ्यावा. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पद्धत वेगवेगळी. काही ठिकाणी दृढीकरण झालेल्यांनाच, काही ठिकाणी बाप्तिस्मा झालेल्या कोणालाही. कुठे सगळ्यांना एकच प्याला, कुठे बोटभर उंचीच्या छोट्या पेल्यांतून द्राक्षरस. पहिल्या दिवशी शंका असेल तर जागेवर बसून राहा. कोणी वाईट समजत नाही.

चर्चच्या सूचना वाचून झाल्या की काही चर्चमध्ये ‘आज नवीन कोण आलं आहे?’ असं विचारतात. उभं राहून तीन वाक्यं पुरे: नाव, मूळ गाव आणि तिथलं चर्च, मुंबईत राहायला कुठे. गावाचं नाव नक्की घ्या, कारण त्यावरूनच बाहेर पडताना कोणीतरी हात धरून ‘आमच्या मामांचं गाव!’ म्हणणार असतं. चारचौघांत उभं राहणं जमत नसेल तर आधीच दारावरच्या स्वयंसेवकाला सांगून ठेवा.

उपासना संपल्यावरची पंधरा मिनिटं उपासनेइतकीच महत्त्वाची. पाळक दाराशी हात मिळवायला उभे असतात. तिथे ‘जय ख्रिस्त’ म्हणून पुढे सरकू नका, ‘मी या भागात राहतो, घरी भेटायला कधी याल?’ असं विचारा. बरेच नवखे शेवटच्या आमेनला चपळाईने सटकतात आणि सहा महिन्यांनी म्हणतात, इथे कोणी विचारत नाही.

बारा रविवार, एकच उपासना

चर्च ठरलं की सलग बारा रविवार त्याच वेळच्या उपासनेला, शक्यतो त्याच बाकावर. एक आठवडा इथे, एक तिथे, तिसऱ्या आठवड्यात यूट्यूब, असं केलं तर कुठलीच माणसं जोडली जात नाहीत. बाराव्या आठवड्यापर्यंत एक गोष्ट घडायला हवी: तुम्ही आला नाहीत तर कोणीतरी फोन करावा. नाही आला तर चर्च बदलायचा विचार करायला हरकत नाही, त्याआधी नको.

माहीमच्या सेंट मायकल चर्चचा बुधवारचा नोव्हेना (मारियामातेची ठरावीक प्रार्थना), वांद्र्याची सप्टेंबरातली माऊंट मेरीची जत्रा, इथे जरूर जा. नोव्हेन्याला मराठी पाळीही असते आणि तिथल्या गर्दीतल्या प्रार्थनेचा जोर खराच असतो. पण हजारो माणसांत मेणबत्ती लावून परत येणारा भाविक तिथे अनोळखीच राहतो. जवळची माणसं हवी असतील तर आपल्या पॅरिशची बुधवार-शनिवारची छोटी मिस्सा बरी, जिथे सारे मिळून पंचवीस जण असतात. गावठाणातल्या पॅरिशमध्ये असाल तर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचा आगेरा चुकवू नका. नव्या भाताच्या लोंब्या वेदीपाशी आणतात आणि नंतर अंगणात जेवण-गाणी होतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत तसाच कापणीचा सण असतो. भोपळे, नारळ, घरचे केक, कोंबडी यांचा लिलाव होतो, आणि दोनशे रुपयांच्या भोपळ्यासाठी नवशिक्याने हात वर केला की पुढच्या रविवारपासून सगळे त्याला नावाने हाक मारतात.

घरातल्या सभा

खरी जवळीक इथे होते. कॅथलिक पॅरिशमध्ये इमारती आणि गल्ल्यांचे छोटे गट केलेले असतात, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणारा बायबलचा भाग) वाचन होतं. मे आणि ऑक्टोबरमध्ये जपमाळेसाठी घरोघरी जमतात. प्रोटेस्टंटांची प्रार्थना सभा बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री आठ-साडेआठला ठरते, म्हणजे नऊला सुरू होते.

दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला की घर सापडलं. पुरुष खुर्च्यांवर, बायका दिवाणावर, मुलं सतरंजीवर. दोन गीतं, वाचन, छोटा संदेश, मग विनंत्या आणि एकामागून एक प्रार्थना, शेवटी चहा आणि चिवडा-वेफर्स. पहिल्यांदा जाताना काही नेऊ नका, घरच्या बाईला उगाच अवघड वाटतं. मोठ्याने प्रार्थना करायची वेळ आली तर एक वाक्य पुरतं: ‘प्रभू, या घराला आशीर्वाद दे, आमेन.’ ज्यांना अर्धा तास प्रार्थना करता येते ती माणसं तिथे असतातच, आणि बाकीचे मनातून तुमचेच आभार मानतात.

विनंती सांगताना मात्र जपून. ‘आईच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना करा’ हे सांगण्यासारखं. नवऱ्याचं कर्ज, मुलीचं मोडलेलं लग्न, स्वतःचं औषधोपचार चालू असलेलं नैराश्य हे भर सभेत सांगू नका. कोणी मुद्दाम पसरवत नाही, पण प्रार्थनेच्या निमित्ताने ते सकाळपर्यंत पलीकडच्या विंगमध्ये गेलेलं असतं. अशा गोष्टी पाळकांना किंवा फादरांना वेळ ठरवून एकट्याने सांगा. आणि नैराश्याला प्रार्थनेसोबत डॉक्टरही हवा. गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा, असं सांगणारा कोणीही भेटला तर तिथून उठा.

एक काम अंगावर घ्या

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात छोटं, दर आठवड्याचं, चुकलं तर जाणवेल असं काम मागून घ्या: पुस्तकं वाटणं आणि गोळा करणं, प्रोजेक्टरवर गीतांचे शब्द लावणं, संडे स्कूलमध्ये मदतनीस, वाचनाची पाळी, गायनवृंद. वाचनाची पाळी मिळाली तर उतारा घरी दोनदा मोठ्याने वाचा. जुन्या करारातली नावं ऐनवेळी जीभ अडकवतात. मुलांच्या वर्गात कायम दोन मोठी माणसं आणि उघडं दार हवं. ही काळजी न घेणाऱ्या चर्चमध्ये ती घ्यायला लावा.

खजिनदारपद आणि निवडणूक पहिली दोन वर्षं नको. मराठी मंडळ्यांत समितीच्या निवडणुका जोरात होतात, जागेचे आणि शाळांचे जुने वाद कोर्टात असतात, आणि दोन्ही बाजूंना हसतमुख नवीन मतदार हवा असतो. नगरचे, मराठवाड्याचे, विदर्भाचे असे गट असतात. जात विसरली गेली आहे असं म्हणतात, पण स्थळ बघताना ती आठवते. हे दिसल्यावर धक्का बसतो आणि काही जण तिथूनच परत फिरतात. दोन्ही गटांच्या घरी चहा प्या आणि कोणाच्याही पत्रकावर सही करू नका.

कागदपत्रं

प्रोटेस्टंट सभासदाने जुन्या चर्चकडून बदलीचं पत्र आणायचं असतं: पाळकांची सही, शिक्का, बाप्तिस्मा व दृढीकरणाच्या तारखा, वर्गणी कधीपर्यंत भरली आहे. गावच्या पाळकांना फोन करून मागा आणि महिनाभर धरून चला. मासिक वर्गणी थोडीच असते, पण थकवू नका. थकबाकीदाराला मंडळीच्या सभेत मत देता येत नाही, आणि लग्नाच्या किंवा दफनाच्या वेळी तीन वर्षांची पावती फाडायची वेळ येणं कोणालाच शोभत नाही. शिवडीला किंवा पॅरिशच्या दफनभूमीत जागा लागते तेव्हा चर्चचं पत्र बहुधा मागितलं जातं. सभासदत्वाचा हा सर्वांत कमी बोलला जाणारा आणि सर्वांत खरा उपयोग.

कॅथलिकांनी बाप्तिस्मा झाला त्या पॅरिशकडून दाखला मागवावा. लग्नासाठी सहा महिन्यांच्या आतला नवा दाखला मागतात, कारण दृढीकरण आणि लग्नाच्या नोंदी त्या मूळ वहीतच होतात. कोर्टात लग्न झालेलं असेल तर लपवू नका. ते चर्चच्या रीतीने नियमित करता येतं का, हे फादरांसोबत बसून बघता येतं.

ख्रिस्ती घरात न जन्मलेल्या, नव्याने बाप्तिस्म्याचा विचार करणाऱ्याने घाई करू नये. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांची तयारी बहुतेक वर्षभर चालते आणि बाप्तिस्मा ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. आठवड्याभरात पाण्यात उतरवणाऱ्यांपासून लांब राहा. अनुसूचित जातीच्या दाखल्यावर नोकरी किंवा शिष्यवृत्ती असेल तर आधी हे समजून घ्या की 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच आहे. हे कोणी आपणहून सांगत नाही.

श्रद्धा कोरडी असताना

खूप वर्षांनी प्रायश्चित्त संस्काराला जाणाऱ्याची भीती एकच असते: सुरुवात कशी करायची. ‘फादर, बारा वर्षं झाली, शब्द आठवत नाहीत’ एवढंच म्हणा, पुढचं ते विचारत जातात. शनिवारी संध्याकाळी रांग असते. वेळ ठरवून एकांतात गेलात तर सावकाश होतं. तिथे बोललेलं बाहेर जात नाही, हा नियम फादरांवर कडक आहे.

रोजच्या वाचनासाठी मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, ठाणे ते सीएसएमटी या प्रवासात एक अध्याय सहज होतो. मग बायबलमधली स्तोत्रं. एकूण 150, रोज पाच वाचली तर महिन्यात पुरी. राग असेल, घरातलं कोणी गेलं असेल, तर स्तुतीच्या स्तोत्रांनी सुरुवात करू नका. तेरावं वाचा, अठ्ठ्याऐंशीवं वाचा. अठ्ठ्याऐंशीवं अंधारातच संपतं, शेवटी दिलासा जोडलेला नाही, आणि तरीही ते शास्त्रात आहे. काही वाटत नसतानाही रविवार चुकवू नका. विश्वासांगीकार (उपासनेत सगळे मिळून म्हणतात ती श्रद्धेची कबुली) म्हणताना ज्या ओळीवर मन अडतं तिथे गप्प राहिलात तरी चालतं. ती ओळ तेवढ्यापुरती बाकीची मंडळी म्हणते.

पैसे मागणारे आणि निघून जाणं

नव्या सभासदाकडे उसने मागणारा एक जण प्रत्येक मंडळीत असतो. हॉल भाड्याने घेऊन चालणाऱ्या स्वतंत्र मंडळ्यांत प्रामाणिक माणसं खूप आहेत, पण पगाराची पावती दाखवायला लावून दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) मागणं, दान पास्टरच्या खासगी खात्यात जाणं, घरच्यांशी संबंध तोडायला सांगणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी थांबू नका. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का आणि पावती मिळते का, हे विचारण्यात काही गैर नाही. चिडून उत्तर आलं तर तेही उत्तरच.

वर्षभर प्रयत्न करून नाहीच जमलं, घर बदललं, किंवा भाषा पटली नाही, तर जा, पण रीतीने जा. पाळकांना समोर भेटून सांगा. हातातलं काम कोणाला देताय ते ठरवा, संडे स्कूलच्या कपाटाची किल्ली आणि वही परत करा, वर्गणी चालू महिन्यापर्यंत भरा आणि बदलीचं पत्र त्याच दिवशी मागा. नवीन चर्चमध्ये पत्र देताना त्याची झेरॉक्स आपल्याकडे ठेवा. पुढच्या बदलीला ती लागते.